पदवी किती पगारांची?

ग्राफिक डिझाइनच्या चार वर्षांच्या पदवीसाठी दोन कॉलेजांत माझं नाव लागलं. एक नावाजलेलं, खासगी, महागडं. दुसरं जुनं, सरकारी अनुदानावर चालणारं, फी कमी आणि कॉम्प्युटर त्याहून कमी. पैसे भरायची मुदत दोन्हीकडे एकाच सुमारास संपत होती. घरातली शिल्लक कुठेच पुरणारी नव्हती, त्यामुळे कर्ज लागणारच होतं. ते किती काढायचं आणि कशातून फेडायचं, एवढंच ठरवायचं होतं. तेव्हा मी जो हिशेब मांडला तो इथे लिहिते आहे, कारण असा कुणी मांडून ठेवलेला मला त्या वेळी सापडला नाही. सल्ले मात्र ढिगाने मिळाले. ‘आवड असली की पैसा आपोआप येतो’ इथपासून ‘डिझाइनला डिग्री कशाला लागते?’ इथपर्यंत.

सुरुवात दादाने करून दिली. तो अकाउंट्समध्ये आहे. रंगसंगतीशी त्याचं काही देणंघेणं नाही, पण कागदावरच्या रकमेचं खरं वजन त्याला बरोबर कळतं. दोन्हीकडच्या फीचे आकडे मी एका पानावर लिहून त्याच्यापुढे ठेवले, तर त्याने ते पान उलटं करून ठेवलं.

“रकमा लिहू नकोस,” तो म्हणाला. “मोठी रक्कम बघून एकतर घाबरायला होतं, नाहीतर सवय होते. या कामात नवख्या माणसाच्या हातात महिन्याला किती पडतात ते आधी काढ. मग हे कर्ज म्हणजे तसे किती पगार, ते लिही.”

नवख्याचा पगार काढणं हेच सगळ्यात वेळखाऊ काम निघालं. महागड्या कॉलेजच्या माहितीपुस्तिकेत ‘सर्वाधिक पॅकेज’ ठळक टायपात होतं, त्याखाली ‘सरासरी पॅकेज’ आणि तळाशी प्लेसमेंटचा नव्वदच्या वरचा टक्का. हा टक्का कुणातला, असं मी फोन करून विचारलं. फोन या टेबलावरून त्या टेबलावर फिरला आणि शेवटी कळलं की प्लेसमेंटसाठी ज्यांनी नाव नोंदवलं त्यांच्यातला. वर्गातले किती जण नावच नोंदवत नाहीत, हे कुणी सांगेना. सरासरीतही एक गोम होती. ग्राफिक, ॲनिमेशन आणि यूएक्स, सगळे एकाच टोपलीत. ॲप आणि वेबसाइटचे स्क्रीन आखणाऱ्या यूएक्सवाल्यांचे पगार वेगळ्याच पट्टीत चालतात. दहांतले दोघे तिकडे गेले की सरासरी झोकात वर जाते, पण मुखपृष्ठं, पॅकेजिंग, ब्रँडिंग करणाऱ्या उरलेल्या आठांच्या खात्यात त्याने छदामही वाढत नाही. मी मीडियन मागितला, म्हणजे सगळे पगार ओळीने लावल्यावर बरोबर मध्ये येणारा आकडा. “तसा आम्ही काढत नाही,” असं उत्तर आलं.

मीडियन उघड्यावर मांडून ठेवणारा देश म्हणजे अमेरिका. तिथल्या शिक्षण खात्याने ‘कॉलेज स्कोअरकार्ड’ नावाचं संकेतस्थळ काढलं. त्यावर आता कॉलेज आणि विषय निवडला की त्या पदवीधरांची मधली कमाई आणि मधलं कर्ज शेजारीशेजारी दिसतं. माझी कॉलेजं त्यात नव्हती, पण आकडा कसा वाचायचा हे मी तिथे शिकले. उदाहरणार्थ, त्यातली कमाई फक्त तिथल्या केंद्र सरकारची मदत किंवा कर्ज घेतलेल्यांची असते. वडिलांच्या पैशावर शिकलेले त्यात मोजलेच जात नाहीत. तिथल्याच कामगार आकडेवारी खात्याच्या २०२३ च्या आकड्यांत ग्राफिक डिझायनरचं मधलं वार्षिक वेतन ५८,९१० डॉलर आहे आणि आर्ट डायरेक्टरचं १,०६,५०० डॉलर. मला डॉलरशी कर्तव्य नव्हतं, त्या दोन आकड्यांतलं अंतर बघायचं होतं. आर्ट डायरेक्टर हा बहुधा काही वर्षं डिझायनर म्हणून घासलेला माणूस असतो. म्हणजे या धंद्यात पैसा आहे, पण तो वरच्या पायऱ्यांवर. हप्ता मात्र पहिल्याच पायरीवर दारात येऊन उभा राहतो.

मग मी माणसांना गाठायला लागले. दोन्ही कॉलेजांचे माजी विद्यार्थी शोधले, त्यांना मेसेज टाकले. ‘किती कमावता?’ असं विचारलं की लोक गोलमोल बोलतात किंवा दोन घरं वरचाच आकडा सांगतात. म्हणून प्रश्न बदलला. पहिल्या दोन वर्षांत सगळ्यात वाईट महिना कोणता होता आणि त्या महिन्यात हातात किती आले? याला लोकांनी मोकळेपणाने उत्तरं दिली. उलट त्यात त्यांना जरा अभिमानच वाटत होता असं दिसलं.

फ्रीलान्स करणाऱ्या एकाने तर आपली शीटच उघडून दाखवली. एका रकान्यात बिल पाठवल्याची तारीख, शेजारी पैसे जमा झाल्याची. बिल फेब्रुवारीत तर पैसे मे महिन्यात. एका ओळीत दुसरी तारीखच नाही, त्या जागी नुसता ‘?’. वर्षाची बेरीज केली तर माणूस नोकरदारापेक्षा जास्त कमावत होता. पण मार्च आणि एप्रिलच्या रकान्यांत जवळपास काहीच नव्हतं, आणि बँक हप्ता वर्षाच्या बेरजेतून कापत नाही. दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला कापते. त्या शीटमुळे एक गोष्ट पक्की झाली. कर्ज फिटेपर्यंत तरी महिन्याच्या महिन्याला पगार देणारी नोकरीच धरायची. फ्रीलान्सची हौस नंतर.

या काळात दोन गोष्टी मला पुन्हापुन्हा ऐकवल्या गेल्या. एक नायकीच्या बोधचिन्हाची. कॅरोलिन डेव्हिडसन पोर्टलंडच्या विद्यापीठात ग्राफिक डिझाइन शिकत असताना तिने १९७१ मध्ये ते काढलं आणि तिला ३५ डॉलर मिळाले. दुसरी पॉल रँड या नामवंत अमेरिकी डिझायनरची. १९८६ मध्ये स्टीव्ह जॉब्सच्या नेक्स्ट कंपनीच्या बोधचिन्हासाठी त्याने एक लाख डॉलर घेतले, आणि तेही एकच पर्याय दाखवून. पहिली गोष्ट सांगणारे मला घाबरवत होते, दुसरी सांगणारे चढवत होते. पहिल्या गोष्टीचा उत्तरार्ध कुणी सांगत नाही. १९८३ मध्ये कंपनीने डेव्हिडसनला शेअर दिले. पण तो उत्तरार्ध धरूनही या दोन्ही गोष्टी माझ्या हिशेबाच्या कामाच्या नव्हत्या. हप्ता फेडायला ना रँड व्हावं लागतं, ना ३५ डॉलरवर भागतं. मला मधल्या गर्दीचा आकडा हवा होता.

जमलेले पगार मी चढत्या क्रमाने लावले आणि मधला न घेता खालून पाव अंतरावरचा आकडा उचलला. तो माझा ‘एक पगार’. दादाला हे पटलं. “मधला आकडा गाठायला नशीब अर्धं तरी हवं,” तो म्हणाला. “याला तेवढंही लागणार नाही.”

या मापाने महागड्या कॉलेजचं कर्ज साडेएकोणीस पगार झालं, दुसऱ्याचं जेमतेम नऊ. मग माझी नजर फीच्या पत्रकातल्या बारीक टायपाकडे गेली. ‘शुल्क दरवर्षी ८ टक्क्यांपर्यंत वाढू शकते.’ चार वर्षांची फी म्हणजे पहिल्या वर्षाची चौपट, असं आपण धरून चालतो. दरसाल आठ टक्क्यांनी वाढवत नेली तर ती साडेचार पट होते. साडेएकोणीसचे २२ झाले.

आता कर्ज. बँकेच्या मंजुरीपत्राचा मसुदा मी आणि बाबांनी शेजारी बसून ओळीओळीने वाचला. सहकर्जदार म्हणून सही त्यांची होती. मी फेडलं नाही तर बँक त्यांच्याकडे येणार, आणि माझा हप्ता चुकला की पत त्यांचीही खराब होणार. व्याज बदलत्या दराने. शिक्षण संपल्यावर आणखी सहा महिने हप्ता नाही. बाबा या ओळीवर खूश झाले. “म्हणजे साडेचार वर्षं काही बघायला नको.” हप्त्याच्या दृष्टीने ते बरोबर होतं. व्याज मात्र पहिले पैसे उचलले त्या दिवसापासून चढत होतं.

सोपं जावं म्हणून मुद्दल १०० धरा. दरवर्षी २५ असं चार वर्षांत उचललं, व्याज १० टक्के, तेही या काळापुरतं सरळव्याज. पहिला हप्ता येईपर्यंत व्याजाचे ३० होतात. म्हणजे फेड १३० पासून सुरू. दहा वर्षांची मुदत घेतली तर महिन्याला १.७२, आणि सगळं फिटेपर्यंत दिलेले २०६. घेतलेल्याच्या दुप्पट! पहिल्या हप्त्यातला निम्म्याहून बराच जास्त भाग नुसत्या व्याजात जातो. सर्वांत जास्त बोचलं ते हे की पाच वर्षं इमानेइतबारे हप्ते भरल्यावरही १३० पैकी ८१ शिल्लकच असतात. मुदत पाच वर्षं केली तर एकूण १६६ वर सुटका होते, पण महिन्याचा हप्ता २.७६ वर जातो.

हे पगारात बसवलं. २२ पगारांच्या कर्जाचा दहा वर्षांचा हप्ता पगाराच्या ३८ टक्के. नऊ पगारांच्या कर्जाचा साडेपंधरा टक्के. ‘एकूण कर्ज पहिल्या वर्षाच्या पगाराच्या आत असावं’ असा एक ठोकताळा सगळीकडे वाचायला मिळतो. १२ पगारांचं गणित केलं तर हप्ता पगाराच्या एक पंचमांशाजवळ येतो, म्हणजे तो ठोकताळा अगदीच हवेतला नाही. ३८ टक्के भरता येत नाहीत असं नाही. पण नवख्याच्या पगारातून खोलीचं भाडं आणि जाणंयेणं वजा केलं की त्यानंतर कुठल्या स्टुडिओत काम करायचं हे आपण ठरवत नाही, हप्ता ठरवतो. ज्या छोट्या, चांगल्या स्टुडिओत दोन वर्षांत हात तयार होतो तिथे पगार बहुधा कमीच असतो. तो दरवाजा २२ पगारांनी बंद होत होता, आणि मला हे व्याजापेक्षा महाग वाटलं.

हे सगळं माझ्यासारख्या कर्जाला लागू आहे, जिथे कमाई असो नसो, हप्ता ठरलेला. कमाईशी बांधलेली कर्जंही जगात आहेत. ऑस्ट्रेलियाने १९८९ पासून तशी पद्धत ठेवली आहे. इंग्लंडमध्ये ठरावीक उत्पन्नाच्या वर जे मिळतं त्याच्या ९ टक्के कापले जातात, त्याखाली काही नाही, आणि ठरावीक वर्षांनी उरलेलं कर्ज माफ होतं. तिथल्या डिझाइनच्या विद्यार्थ्याने माझं गणित जसंच्या तसं उचललं तर उगाच घाबरेल. कर्ज किती हे विचारण्याआधी ते कोणत्या प्रकारचं आहे हे विचारावं लागतं, आणि घाईत नेमकं तेच राहून जातं.

किरकोळ म्हणून सोडलेल्या खर्चांनीही बराच घाम काढला. चांगला लॅपटॉप, तोही चार वर्षं टिकेलच असं नाही. दर सेमिस्टरच्या ज्युरीला, म्हणजे परीक्षकांपुढे काम मांडायला, रंगीत प्रिंट आणि ते चिकटवायचे जाड माउंटबोर्ड. एका सीनियरने सांगितलं की प्रिंटमधला निळा जांभळट आला म्हणून तिने आदल्या रात्री अख्खा सेट पुन्हा काढला होता. त्यात सॉफ्टवेअर. ॲडोबीने २०१३ पासून नव्या आवृत्त्या विकत द्यायच्या थांबवून वर्गणी सुरू केली. शिकत असताना सवलत मिळते आणि पदवी हातात पडली की ती जाते, म्हणजे खिसा सगळ्यात रिकामा असताना वर्गणी वाढते. हे सगळं मिळून एक-दीड पगार सहज होतो. दोन्हीकडे सारखाच असल्याने निवडीत त्याने फरक पडला नाही, पण तो हातात रोख लागतो.

आणखी एक गोष्ट आकड्यांत बसत नव्हती, पण सोडूनही चालणार नव्हतं. नवख्याला पहिल्या वर्षी जे काम मिळतं ते बहुतेक हमालीचं असतं. एकच जाहिरात वीस मापांत बसवायची, फोटोची पार्श्वभूमी कापायची, सणाच्या शुभेच्छांची पोस्ट करायची. २०१३ मध्ये कॅन्व्हा हे तयार साच्यांतून डिझाइन करून देणारं संकेतस्थळ आल्यापासून यातलं बरंच काम गिऱ्हाईक स्वतःच करतं, आणि २०२२ पासून चित्रं बनवणारी एआयची साधनं हाताशी आली. हमाली गेली म्हणून दुःख करावं असं काही नाही. फक्त ती हमाली करता करताच लोक काम शिकायचे आणि त्याचे पैसेही मिळायचे. म्हणून मी ‘एक पगार’ वाढवला नाही, आणि सवलतीचे सहा महिने संपण्याआधी नोकरी मिळेलच, हेही धरलं नाही. पाच-सहा हप्त्यांएवढी शिल्लक आधीच बाजूला ठेवायची, असा एक रकाना वाढवला.

मग पदवी हवीच कशाला? हा प्रश्न मी गंभीरपणे घेतला. डेव्हिड कार्सन या नावाजलेल्या अमेरिकी डिझायनरने समाजशास्त्रात पदवी घेतली होती, आणि नव्वदच्या दशकात त्याने मासिकांची पानं उलटीपालटी केली. शिवाय टायपोग्राफीची पुस्तकं, व्हिडिओ, छोटे कोर्स, सगळं उपलब्ध. चार वर्षं आर्टवर्क ऑपरेटर म्हणून, म्हणजे दुसऱ्याचं डिझाइन छपाईसाठी तयार करून द्यायचं काम केलं असतं, तर पाऊण पगार तरी दर महिन्याला घरी आला असता. चार वर्षांत ३६ पगार! कागदावर हाच पर्याय जिंकत होता.

तेव्हा मी एका स्टुडिओच्या मालकीणबाईंना विचारलं की तुम्ही नोकरीवर घेताना डिग्री बघता का. नाही म्हणाल्या, आणि समोर आलेले दोन पोर्टफोलिओ दाखवले. एकात गुळगुळीत पोस्टर होती, एकाहून एक देखणी. ती त्यांनी भराभर पुढे ढकलली. दुसऱ्यात एकाच मसाल्याच्या पाकिटाची अकरा पानं होती. पेन्सिलची रेखाटनं, दुकानातल्या फळीचा फोटो, तीन वेळा बदललेलं नाव, घडीच्या रेषेवर आलेलं अक्षर आणि ते सरकवल्यावरचा नमुना. त्या पानांवर त्या थांबल्या. “हे एकट्याने घरी बसून होत नाही,” म्हणाल्या. “याला कुणीतरी अकरा वेळा ‘हे चालत नाही, का चालत नाही सांग’ असं म्हटलेलं आहे.” डिग्री त्या बघत नव्हत्या, पण जे बघत होत्या ते चार वर्षांच्या क्रिटमधून, म्हणजे वर्गात सगळ्यांसमोर होणाऱ्या कामाच्या चिरफाडीतून, तयार झालेलं होतं. मला स्वतःला शिस्त कमी आहे, हे मला माहीत होतं. घरी बसून मी गुळगुळीत पोस्टरंच केली असती.

त्यानंतर दोन्ही कॉलेजांच्या क्रिटमध्ये मागे बसून पाहण्याची परवानगी मागितली. महागड्या कॉलेजात लेटरप्रेस, म्हणजे खिळे जुळवून छापायचं जुनं यंत्र होतं, स्क्रीन प्रिंटिंगची स्वतंत्र खोली होती, बाहेरचे नावाजलेले डिझायनर यायचे. हे खोटं नाही, आणि त्याला किंमत आहे. जुन्या कॉलेजात कॉम्प्युटर तीन मुलांत एक होता आणि सर जुन्या वळणाचे. पण त्यांनी एका मुलाला ‘अ’ आणि ‘व’ यांच्यातली मोकळी जागा पुरेशी होईपर्यंत फळ्यावरून हलू दिलं नाही. मला हवं ते तिथे होतं, आणि ते नऊ पगारांत होतं. वरच्या तेरा पगारांत लेटरप्रेस, पाहुणे आणि ओळखी मिळत होत्या. त्यांतल्या ओळखी सगळ्यात महाग हे मला तेव्हाही मान्य होतं.

बाबांचा कल महागड्याकडे होता. “शिक्षणात काटकसर करू नये गं,” हे त्यांचं वाक्य. मी त्यांना फक्त पाच वर्षांनंतरचा ८१ चा आकडा दाखवला आणि त्या वर्षी तुमचं वय काय असेल ते विचारलं. ते निवृत्तीचं वर्ष होतं. त्यावर चर्चा संपली.

जुन्या कॉलेजात प्रवेश घेतला. शिकत असतानाच व्याज भरत जायचं, असं ठरवलं. पहिल्या वर्षी ते नगण्य असतं, चौथ्या वर्षीही महिन्याला पगाराच्या साडेसात टक्के. लग्नपत्रिका आणि दुकानांच्या पाट्या करून मी त्यातलं बरंचसं काढलं, उरलेलं दादाने घातलं. त्यामुळे फेड सुरू झाली तेव्हा कर्ज नऊचं नऊच होतं, आणि हप्ता साडेपंधराऐवजी बारा टक्क्यांच्या आत आला.

पहिली नोकरी मिळायला सवलतीचा जवळजवळ सगळा काळ गेला. पगार धरला होता त्याच्या आसपासच पडला, आणि स्टुडिओ छोटा आहे. ओळखींची कमतरता जाणवते. महागड्या कॉलेजात गेलेली माझी एक मैत्रीण तिथल्याच सीनियरच्या शब्दावर यूएक्समध्ये लागली आणि ३८ टक्के तिला जड जात नाहीत. तिच्याच वर्गातला दुसरा एक जण हप्त्यासाठी जाहिरातींची मापं बसवण्याच्या नोकरीत अडकला आहे. दोघांनी फी सारखीच भरली होती.

माझे हप्ते सुरू होताहोताच बँकेने व्याज एक टक्क्याने वाढवलं. हप्ता मात्र तोच राहिला, म्हणून मला आधी बरं वाटलं. परतफेडीचं नवं वेळापत्रक मागवून पाहिलं तर १२० हप्त्यांचे १३० झाले होते. मुदत तीच ठेवून हप्ता वाढवा, असा अर्ज आपण होऊन द्यावा लागतो. तो दिला. हप्ता पगाराच्या अर्ध्या टक्क्याने वाढला आणि ते दहा महिने वेळापत्रकातून गेले.